स्वभाव की दुखापत?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा मी कंत्राटी कामगारांविषयी किंवा नव्या कामगार संहितांविषयी बोलावे अशी होती. ते स्वाभाविकच होते. गेली तीस वर्षे मी तेवढेच बोलत आलो आहे. पण मी त्यांना विषय कळविला तो असा : लहानपणी झालेल्या अत्याचारांचे स्त्रियांच्या मनावर होणारे दीर्घकाळचे परिणाम. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "हा विषय एखाद्या डॉक्टरांनी मांडावयाचा, नाही का?" मी त्यांना म्हटले, "डॉक्टरांनी मांडावाच. पण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती मलाच सांगावी लागेल." त्यांनी मोकळेपणाने परवानगी दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. 'शोषण' हा शब्द आम्हा चळवळीतल्या माणसांच्या तोंडी बसलेला. मालक कामगाराचे शोषण करतो, सावकार शेतकऱ्याचे करतो. सभांतून हजार वेळा मी तो उच्चारला असेन. अलीकडे वर्तमानपत्रांतून 'बालकांचे लैंगिक शोषण' असे छापून येऊ लागले, तेव्हा मला हा आमचा शब्द कोणी उसना नेला असे वाटे. पुढे विचार केला तेव्हा कळले की, शब्द योग्य जागी गेला आहे. दुबळ्याचे दुबळेपण हेच भांडवल धरून बलवान जे हिरावून घेतो, ते शोषण. कामगाराला निदान संघटना असते, संपाचा हक्क असतो. नऊ वर्षांच्या मुलीने घरातल्या घरात कोणाविरुद्ध संप करावयाचा?

आता दुसरी गोष्ट. माझे वडील मुंबईला कापडगिरणीत कार्डिंग खात्यात होते. त्यांना दम लागे, रात्री खोकल्याने झोप नसे. चाळीतली माणसे म्हणत, "बिडी ओढतात, दुसरे काय!" आई म्हणे, "यांची छाती मुळातच नाजूक." पुढे मी या कामात पडल्यावर वाचले, तेव्हा या रोगाला नाव आहे हे समजले. बिसिनोसिस म्हणतात त्याला. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन तो होतो. सुरुवातीला साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळते आणि मग सैल पडते. काही वर्षांनी ती सैल पडेनाशी होते. माणूस गिरणी सोडून गावी जाऊन बसला तरी दम त्याच्याबरोबर जातो. म्हणजे दुखापत एका काळी होते आणि तिचे दुःख दुसऱ्या काळी भोगावे लागते. मधल्या वर्षांत कारण कोठे होते हे विसरले जाते, आणि लोक रोग्याच्याच प्रकृतीला दोष देतात.

हे माझ्या घरातले उदाहरण. एवढे शिकूनही मी काय केले ते आता सांगतो. ज्या बाईंची ही हकीकत आहे त्यांनी ती सांगण्यास अनुमती दिली आहे. ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत.

एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पॅकिंग खात्यात त्या कामाला होत्या. हात चपळ, काम चोख. पण मध्येच त्या भडकत. एकदा सुपरवायझर पाठीमागून येऊन त्यांच्या खांद्यावरून माल पाहू लागला, आणि बाईंनी हातातला खोका त्याच्या अंगावर फेकला व किंचाळल्या. सारे खाते थांबले. तो सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना स्पर्शही केलेला नव्हता, हे दहा जणींनी पाहिले होते. यापूर्वीही दोनदा असेच झाले होते. बाईंना आरोपपत्र मिळाले, चौकशी बसली, आणि युनियनतर्फे त्यांची बाजू मांडण्यास मी उभा राहिलो.

मी विचारले, "ताई, असे का केलेत?" त्या खाली पाहून म्हणाल्या, "माझा स्वभावच तसा आहे, भाऊ." मला ते सोयीचे वाटले. व्यवस्थापनाशी बोलणी करून मी बडतर्फी टाळली. चार दिवसांची बिनपगारी आणि माफीनामा यांवर मिटविले. तो माफीनामा मीच लिहिला. 'माझ्या तापट स्वभावामुळे माझ्याकडून गैरवर्तन घडले, त्याबद्दल मी क्षमा मागते.' त्यांनी खाली सही केली. नोकरी वाचली म्हणून मी समाधानाने घरी गेलो. सहा महिन्यांत त्यांनी ती नोकरी आपण होऊन सोडली.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात त्या माझ्या पत्नीला भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "वहिनी, मी आता सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे जाते." त्यांची मुलगी नऊ वर्षांची झाली त्या वर्षी त्यांची झोप पार उडाली होती. मुलीला क्षणभर नजरेआड होऊ देत ना. कारण त्या स्वतः नऊ वर्षांच्या असताना घरातलाच एक वडीलधारा नातेवाईक, त्या चुलीपाशी किंवा मोरीत पाठमोऱ्या बसलेल्या असताना, मागून येत असे. हे तीन वर्षे चालले होते. आईला एकदा सांगितले, तेव्हा आईने तोंडावर हात ठेवला. त्यानंतर पंचवीस वर्षे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते.

मित्रहो, मी ज्याला तापट स्वभाव म्हणून कागदावर उतरविले, ती दुखापत होती. आणि तिची क्षमा मी तिलाच मागावयास लावली होती.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, जाणत्या डॉक्टरांना व समुपदेशकांना भेटून प्रश्न विचारू लागलो. त्यातून जे समजले ते साध्या भाषेत ठेवतो.

आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसला की तो इशारा देतो. मग रक्तात ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये उतरतात, छाती धडधडते, हातपाय पळण्यास किंवा लढण्यास सिद्ध होतात. ही सोय निसर्गाने प्रसंगापुरती केलेली आहे. पण वाढत्या वयातल्या मुलीच्या शरीरात हा इशारा महिनोन्‌महिने वाजत राहिला, तर ती यंत्रणा जणू त्याच पातळीवर बसून जाते. आपल्यातल्या फिटर मंडळींना हे लगेच कळेल. मोटरीच्या ओव्हरलोड रिलेचे सेटिंग फार खाली बसले असेल तर जराशा भाराने मोटर बंद पडते. जाणता फिटर मोटरीला शिव्या देत नाही. सेटिंग कोठे बसले आहे ते पाहतो. पाठीमागची पावले ऐकून त्या बाईंच्या हातून खोका फेकला गेला, तो असा. त्या क्षणी सुपरवायझर त्यांना दिसलाच नव्हता.

दुसरा परिणाम याच्या उलट आहे. मुलीला पळता येत नाही, तेव्हा ती मनाने निघून जाते. आढ्याचे वासे मोजते, भिंतीवरच्या पोपड्यात आकृत्या पाहते, जे घडते आहे ते दुसऱ्याच कोणाला घडते आहे असे तिला वाटू लागते. त्या वेळी या युक्तीने तिला तारलेले असते. पुढे मात्र ही सवय नको तेथे येते. स्वयंपाक करताना, यंत्रावर, मूल काही सांगत असताना बाई तेथे नसतेच. आम्ही तिला मेमो देतो, 'कामात लक्ष नाही' म्हणून.

तिसरा परिणाम मला सर्वांत क्रूर वाटतो. नऊ वर्षांच्या मुलीपुढे दोनच निष्कर्ष असतात. एक, ज्या घरात मी जेवते, झोपते, त्या घरातला मोठा माणूस वाईट आहे. किंवा दोन, मीच वाईट आहे. पहिला मानला तर पायाखालची जमीनच जाते. म्हणून न कळत ती दुसरा स्वीकारते, आणि ते ओझे घेऊन चाळीस-पन्नास वर्षांची होते. तिच्या नैराश्याच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. काही जणी स्वतःच्या अंगाला इजा करून घेतात, काहींना जगणे नको होते. काहींची पोटदुखी, डोकेदुखी कोणत्याही तपासणीत सापडत नाही. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' म्हणून घरचे तिला ढोंगी ठरवितात. बाळंतपण, स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणी, दाताच्या डॉक्टरची खुर्ची, म्हणजे जेथे कोणी अंगावर वाकतो आणि आपल्याला हलता येत नाही, ते सारे तिला असह्य होते. संसारात तिला नवरा 'थंड' म्हणतो, सासू 'तिरसट' म्हणते, आणि गावाकडे 'बाहेरचे असेल' म्हणून देवऋषी बोलाविला जातो. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे येथे आवर्जून सांगतो.

हे ज्ञान जगाला आजच झाले काय? नाही. २१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्ना शहरात सिग्मंड फ्रॉइड यांनी तेथील वैद्यकीय मंडळींपुढे एक व्याख्यान दिले. बारा स्त्रिया व सहा पुरुष अशा अठरा रोग्यांचा दाखला देऊन त्यांनी सांगितले की, ज्याला आपण उन्माद म्हणतो त्याच्या मुळाशी बालपणीचे लैंगिक अत्याचार आहेत. सभेचे स्वागत थंडच झाले. पुढच्याच वर्षी फ्रॉइड यांनी स्वतःच हे मत मागे घेतले, आणि त्यांच्या नंतरच्या सिद्धान्तात रोग्यांच्या अशा आठवणींना कल्पनेचे स्थान मोठे झाले. त्यांनी मत का बदलले यावर विद्वानांत वाद आहे, तो मी मिटवू शकत नाही. पण पुढे कित्येक दशके तक्रार करणाऱ्या स्त्रीला 'तुझी कल्पना असेल' असे ऐकावे लागले, एवढे खरे.

मनाची जखम शास्त्रात शिरली ती शेवटी सैनिकांच्या पाठीवरून. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक रात्री किंचाळत उठत, मोटारीच्या आवाजाला जमिनीवर पडत. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतरच्या या विकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. ज्युडिथ हर्मन या विदुषीने १९९२ साली ग्रंथ लिहून दाखविले की, रणांगणावरचा सैनिक, तुरुंगात छळ सोसलेला कैदी आणि स्वतःच्या घरात छळ सोसलेली मुलगी, यांची लक्षणे एकाच जातीची आहेत. दीर्घकाळ, सुटकेचा मार्ग नसताना सोसलेल्या आघाताचा विकार निराळा मोजावा, असे त्यांचे म्हणणे होते. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी यादी २०२२ पासून अमलात आली, तिच्यात तो निराळा नोंदलेला आहे. म्हणजे व्हिएन्नाच्या त्या सभेपासून सव्वाशे वर्षे गेली.

आकडे विचाराल तर दोनच सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे डॉ. फेलिटी, डॉ. अँडा व त्यांचे सहकारी यांनी साडेनऊ हजारांवर प्रौढांना बालपणाविषयी विचारले आणि त्यांच्या आरोग्याशी ते ताडून पाहिले. त्यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. अत्याचार, घरातली मारहाण, घरातले व्यसन अशा सात प्रकारांपैकी चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी भोगले होते, त्यांच्यात दारू व इतर व्यसने, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न भोगलेल्यांच्या चौपट ते बारापट होता. ही माणसे रस्त्यावरची नव्हती. आरोग्य विम्याची सोय असलेली होती.

दुसरा आकडा आपल्या घरचा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील १२,४४७ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होता. त्रेपन्न टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. या व्याख्येत सौम्य व गंभीर असे सर्व प्रकार धरले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुलगेही मुलींइतकेच सापडले; आज मी स्त्रियांविषयी बोलतो आहे म्हणून मुलगे सुरक्षित आहेत असे कोणी समजू नये. आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली. त्या पिढीने मुलींचा प्रश्न व्यासपीठावर आणला होता. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली, आणि संमतिवयाचे बिल आले. पुण्यात केवढे रण माजले! रानडे, भांडारकर, आगरकर बिलाच्या बाजूने, टिळक विरुद्ध. १८९१ साली वय दहावरून बारावर गेले. पण दोन्ही पक्षांचा वाद चालला तो मुलीचे शरीर आणि धर्म यांविषयी. ज्या मुली मेल्या नाहीत, ज्या जगल्या, संसार करीत म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या मनात काय राहिले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येकींचे 'स्वभाव' त्यात असतील. आज २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला संरक्षण आहे, आणि असा गुन्हा ठाऊक असून न कळविणे हाही गुन्हा आहे. कायदा वाढला. प्रश्न विचारण्याची सवय अजून वाढावयाची आहे.

आता येथे बसलेल्या एखाद्या भगिनीला वाटेल की, मग आमचे झालेच म्हणावयाचे का? नाही, भगिनींनो. वरचे हिशेब समूहाचे आहेत; कोणा एकीचे भविष्य त्यात लिहिलेले नाही. लहानपणी सोसलेल्या पुष्कळ स्त्रिया उभ्या राहतात, चांगल्या जगतात. त्या कशाने उभ्या राहतात, याचाही अभ्यास झालेला आहे, आणि तो मला माझ्या धंद्यामुळे फार जवळचा वाटतो.

लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी केला व १९७८ साली ग्रंथरूपाने मांडला. संकट आले असता कोणती स्त्री नैराश्यात जाते आणि कोणती तगते, हा त्यांचा प्रश्न होता. कामगारवर्गातल्या, पदरी लहान मुले असलेल्या स्त्रियांत नैराश्य पुष्कळच अधिक आढळले. स्त्रीला दुर्बळ करणाऱ्या चार गोष्टी त्यांनी काढल्या : वयाच्या अकराव्या वर्षाआत आई जाणे, घरात तीन वा अधिक लहान मुले असणे, मन मोकळे करण्यास जवळचे माणूस नसणे, आणि घराबाहेर नोकरी नसणे. ब्राऊन यांनी पुढे लंडनमध्येच केलेल्या कामात बालपणीची हेळसांड व छळ यांचाही नैराश्याशी संबंध दाखविला. यांतल्या पहिल्या गोष्टीला इलाज नाही. पण मन मोकळे करण्यास माणूस आणि हाताला काम, हे आपण देऊ शकतो की नाही? मी त्या बाईंच्या बाबतीत दोन्ही गमावले. त्यांनी 'स्वभाव' म्हटल्यावर मी थांबलो नाही. आणि नोकरी वाचविली असे मला वाटत असताना तीही त्यांच्या हातून गेली.

हर्मन यांनी बरे होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणे. क्रम महत्त्वाचा आहे. स्त्री अजून त्याच घरात, त्याच माणसाच्या सावलीत असेल, तर तिला खोदून विचारणे हे तिला पुन्हा दुखविणे आहे. कोणी सांगत नसेल तर उकरू नये. आणि 'तुला असे झाले असणार' असे आपल्या मनाचे तिच्या तोंडी घालू नये. औषधे व बोलण्याचे उपचार, दोन्ही आहेत, आणि ते सरकारी रुग्णालयांतूनही मिळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे उपचार मिळणे हा हक्क झाला आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारास शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असेही त्यात आहे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा फुकट बोलते, मराठीतही बोलते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक आमच्या युनियन कचेरीत आता किमान वेतनाच्या तक्त्याशेजारी लावलेले आहेत.

आणखी एक बदल आम्ही केला. कोणावरही बेशिस्तीचे आरोपपत्र आले की, 'तुमच्याकडून असे का झाले?' याबरोबर 'त्या वेळी तुम्हाला काय वाटले?' हेही आम्ही विचारतो. बाजूला बसवून, शक्यतो एखाद्या स्त्री प्रतिनिधीने. पुष्कळदा काही निघत नाही. कधी निघते. तेव्हा व्यवस्थापनाकडे मागणी जाते ती एवढीच, की या बाईंच्या टेबलाची जागा भिंतीकडे पाठ येईल अशी करा, आणि सुपरवायझरने समोरून यावे. याला पैसा लागत नाही. आजवर कोणत्याही व्यवस्थापनाने ही मागणी नाकारलेली नाही; इतकी स्वस्त मागणी मी आयुष्यात दुसरी केली नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण ना डॉक्टर आहेत ना युनियनवाले. पण प्रत्येकाच्या घरी एखादी तिरसट वहिनी, एखादी गप्प मावशी, कोणाच्या सावलीला उभी न राहणारी बहीण असते. एखाद्या दिवशी ती काही सांगू लागली, तर त्या पहिल्या मिनिटात आपण काय बोलतो यावर पुष्कळ अवलंबून असते. 'इतक्या वर्षांनी कशाला?' असे म्हणू नका. 'ते आता वारले, जाऊ दे' असे म्हणू नका. माझ्या पत्नीने त्या लग्नाच्या मांडवात जे म्हटले तेवढे पुरे आहे : "खरं आहे तुमचं. यात तुमची काही चूक नव्हती." बाई तेथेच रडल्या, आणि मग दोघी जेवावयास गेल्या.

पुढे मी त्यांना भेटलो. म्हटले, "ताई, तो माफीनामा मी लिहिला होता. त्याची माफी मी मागतो." त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कुठं मनाचं लिहिलंत? मीच सांगितलं होतं स्वभाव म्हणून. मलासुद्धा तेव्हा तसंच वाटायचं." त्या कागदाची कार्बन प्रत युनियनच्या फाईलमध्ये अजून आहे. ती फाडून टाकावी असे एकदा मनात आले होते. फाडली नाही. नवा कार्यकर्ता आला की त्याला मी ती वाचावयास देतो आणि विचारतो, यात चूक कोठे आहे ते सांग.